चक्की बंद, बातम्या चालू

माणूस जितका लांब, तितकं त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, असा आमच्या आईचा ठाम समज आहे. माझी बहीण इथे जवळच साक्रीला असते. तिच्याशी आई चुलीपाशी बसून बोलावं तशी बोलते. नाशिकच्या मामाशी बोलायचं झालं की ओट्यावर येते. आणि माझा थोरला भाऊ शमुवेल आसामच्याही पलीकडे कुठल्याशा डोंगरात मिशनरी आहे, त्याच्याशी बोलताना तिचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जातो.

बरं, ती त्याच्याशी थेट बोलतही नाही. तिकडे रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून ती व्हॉइस मेसेज पाठवते. मेसेजला ओरडायची गरज नसते, हे मी तिला एकदा समजावून पाहिलं. ती म्हणाली, "मेसेजलेबी तेवढंच लांब जानं पडस ना?"

गप्प बसणं मला चांगलं जमतं.

पिंपळनेरला आमची पिठाची चक्की आहे, घराला लागूनच. संध्याकाळी गिऱ्हाइकांची रांग असते. कोणाची ज्वारी, कोणाचा उडीद घातलेला कळणा, कोणाचे गहू. नेमकी त्याच वेळी आई डोक्यावरचा पदर सारखा करत दारात येऊन उभी राहते.

"परकास, चक्की बंद कर. दादाले बातम्या देनी शेतस."

चालती चक्की मध्येच बंद करणं सोपं नसतं. दाणे दगडात अडकलेले असताना मोटर पुन्हा सुरू केली तर पट्टा घसरतो. आधी वरून दाणे थांबवायचे, आतलं पीठ खाली पडू द्यायचं, मग बटण. एवढं सगळं होईपर्यंत ती कमरेवर हात ठेवून उभी असते. चक्की थांबली की सगळी गल्ली एकदम शांत होते आणि बातम्या सुरू होतात.

"सलाम, शमुवेल. बठ्ठं बरं शे. आते आयक."

बठ्ठं म्हणजे सगळं. आणि मग जे जे बरं नाही ते सगळं येतं. 'बठ्ठं बरं शे' म्हणून तिने एकदा काकांचं मोरीत पडणं, विहिरीची मोटर जळणं आणि बोकड चोरीला जाणं एका दमात सांगितलं होतं. मयताची बातमी असेल तर गेलं कोण ते शेवटी कळतं. आधी कोण कोण आलं, ते. लग्नाची असेल तर कोण कोण आलं नाही, ते.

रांगेतली माणसं हे सगळं ऐकत असतात. ऐकतात कसली, भाग घेतात.

"अक्का, म्हैस काल नाही, परवा व्याली," निंबाआबा आपल्या डब्यावर बसल्या बसल्या म्हणतात.

आई फोनमध्ये सांगते, "आयक रे, निंबाआबा म्हनस परवा. त्यानीच म्हैस शे, तो म्हनस तेच खरं."

मग निंबाआबा पुढे सरकतात. "शमुवेलला म्हणावं, वासरू अशक्त आहे, प्रार्थना कर. आमचा मारुती आहेच. पण दोन्हीकडून झालेलं बरं."

पलीकडच्या सुशीलावहिनी एकदा म्हणाल्या, "अक्का, माझ्या सुनेला अंगणवाडीत नोकरी लागली. तेवढं टाका ना बातम्यांत."

आईने फोनवरचा अंगठा न काढता विचारलं, "आनि तिले तू भांडीसन माहेरले धाडेल व्हतं, तेबी टाकू का?"

रांग हसली. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या अक्का. दोन्ही राहू द्या." पण तोवर दोन्ही आसामच्या पलीकडे गेलेलं होतं.

बातम्या संपल्या की आई माझ्याकडे बघून हात गोल फिरवते. म्हणजे चक्की चालू कर. घरघर सुरू झाली की ती भिंतीकडे तोंड करते, फोन ओठांना चिकटवते आणि हळू आवाजात काहीतरी बोलते. दादाशी ती हळू बोलते ते एवढंच. चक्कीच्या आवाजात शेजारी उभ्या असलेल्यालाही काही ऐकू येत नाही. रांगेत यावर बरेच तर्क चालायचे. माझा तर्क मी कोणाला सांगितला नव्हता. मला खात्री होती, की ती माझी तक्रार करते.

कारण शमुवेलदादाशी मी बोलत नाही.

वडील शेवटी शेवटी अंथरुणातच होते. त्यांचं सगळं मीच केलं. त्यात उपकार काही नाही, मी इथे होतो. ते दाराकडे बघायचे आणि विचारायचे, शमुवेल आला का? दादा निघाला होता, पण तिकडे दरड कोसळून रस्ता बंद झाला. तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. रस्ता बंद होता, याचा मला कधीच राग आला नाही. पण घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवली, त्यात दादा उभा राहिला आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलला. इतकं सुंदर बोलला, की मंडळी रडायला लागली. ते दिवस त्याने पाहिलेच नव्हते. मी उठलो, चक्कीत गेलो आणि मोटर सुरू केली. प्रार्थना संपेपर्यंत चक्की रिकामी फिरत होती.

दादा दुसऱ्या दिवशी परत गेला. त्याच्या गाडीपर्यंत मी गेलो नाही. त्यानंतर त्याचे फोन यायचे, ते मी आईकडे द्यायचो. पुढे यायचेच बंद झाले.

आई त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलली नाही. फक्त ताटात भाकरी वाढताना मधूनच म्हणायची, "दादानी तुना गुडघानं ईचारं." किंवा, "दादा म्हने, परकासले सांग, पिठात फार बसू नको, खोकला व्हस." मी मान खाली घालून जेवायचो. मनातल्या मनात म्हणायचो, एवढी काळजी आहे तर मला का नाही विचारत?

गेल्या उन्हाळ्यात आईच्या फोनचा स्पीकर फाटका वाजायला लागला. मी तो स्टँडजवळच्या दुकानात नेला. दुकानदाराने स्पीकर बदलला आणि आवाज बघायला म्हणून समोर दिसला तो मेसेज लावला. आधी निंबाआबांची म्हैस झाली. मग माझ्या चक्कीची घरघर आली, आणि तिच्यावर, अगदी जवळून, आईचा आवाज.

"आते तुना भावनं सांगस. परकास काल जेवताना म्हने, दादाले ठेचा आवडस, तिकडे त्याले कोन करी देत व्हई? सोताहून म्हने. मी काही ईचारेल नही."

मी असलं काहीही म्हणालो नव्हतो.

दुकानदार म्हणाला, "आवाज क्लिअर आहे ना?" मी म्हटलं, आहे.

परत येताना नाल्याच्या पुलावर थांबून मी आणखी मेसेज ऐकले. ऐकायला नको होते. प्रत्येकाच्या शेवटी चक्की होती आणि मी होतो. एकात मी दादाचा फोटो चक्कीत लावलेला होता. तिथे खताच्या दुकानाचं कॅलेंडर आहे. दादाची सायकल मी पुसून, तेल घालून ठेवलेली होती. ती सायकल वडिलांनीच भंगारात दिली होती. रविवारी उपासनेत दादाचं नाव घेताना माझा गळा भरून आला होता. रविवारी मी उपासनेत शेवटच्या बाकावर बसतो आणि नाव कोणाचंच घेत नाही.

मग मी दादाची उत्तरं लावली. ती छोटी होती. थकलेल्या माणसाची. "आई, सगळ्यांना सलाम. इकडे पाऊस आहे. गोळ्या वेळेवर घे." गुडघा कुठे नव्हता. खोकला कुठे नव्हता.

त्या दिवशी आई ओसरीत बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, डबे पुसत होती. मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "आई, दादा खरंच माझं विचारतो का?"

तिने वर पाहिलं नाही. "तू ईचारस का त्यानं?"

मी चक्कीत निघून गेलो.

संध्याकाळी ती आली. चक्की थांबली, सलाम झाला, बठ्ठं बरं झालं, रांगेची भर घालून झाली. तिने हात गोल फिरवला. मी बटणाकडे गेलो नाही. तिच्याजवळ गेलो. सगळे बघत होते, तरी म्हणालो, "त्याला म्हणावं, परकास तुझं विचारतो."

आईने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ते मी रोजच सांगस. नवं काय ते सांग."

कोणी हसलं नाही. निंबाआबासुद्धा डब्याचं झाकण उगाच लावत बसले.

नवं असं माझ्याकडे फारसं नव्हतं. मी तिच्या हातातून फोन घेतला. "दादा, मी परकास. मी ठेच्याचं काही म्हणालो नव्हतो. सायकलही नाही. आई सांगते ते तिचं. माझा राग अजून गेलेला नाही. तू जे दिवस सांगितलेस ते मी पाहिले होते, आणि ते तसे नव्हते. ते मला तुला सांगायचे आहेत. गुडघा खरंच दुखतो. तू ये एकदा."

आईने फोन घेतला आणि ती आत गेली. मी दळण सुरू केलं. रात्री जेवताना दादाचा विषय निघाला नाही. तिचं इतक्या वर्षांचं काम मी एका मिनिटात मोडलं, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चक्कीचा पट्टा ओढून बघत होतो, तेव्हा ती आली. दादाचा मेसेज आलेला होता. किती मिनिटांचा आहे ते पाहिलं, तर लांबलचक. इतका लांब मेसेज त्याने तिलाही कधी पाठवला नव्हता.

सगळ्या गल्लीच्या बातम्या जिच्यावाचून पुढे जात नाहीत, त्या माझ्या आईने फोन माझ्या पिठाच्या हातात ठेवला.

"हाई तुनं शे," ती म्हणाली. "मी आयकेल नही."

आणि दार ओढून घेऊन ती निंबाआबांकडे वासरू बघायला गेली.