तेल निवड समिती, उमरठ

इंजिनाला तेल लागते, ही गोष्ट निर्विवाद आहे. कोणते लागते, हा मात्र लोकशाहीचा प्रश्न आहे आणि लोकशाहीत घाई करून चालत नाही.

उमरठच्या कुशाबांनी घाई केली नाही. मुंबईत गोदीत तीस वर्षे काढून गावी आल्यावर त्यांनी एक जुनी पण चकचकीत मोटार घेतली होती. लेकीचा, दर्शनाचा, साखरपुडा पाचाडला ठरला, तेव्हा त्यांनी व्याह्यांना फोनवर ठणकावून सांगितले, "आमी आमच्याच गाडीनं येनार!" हाताशी नऊ दिवस होते. गाडी पोलादपूरला पांडू मेकॅनिककडे नेली. पांडूने खालचा नट काढला, जुने काळे तेल डब्यात उतरवले आणि हात पुसत विचारले, "काका, नवीन कंचा टाकू?"

कुशाबांना आजवर त्यांची पसंती कोणी विचारली नव्हती. (लग्न धरून.) छाती आपोआप फुगली. "उद्या सांगतो," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी देवळात बैठक बसली. वाडीत घरे एकेचाळीस, मोटारी दोन, तेलाचे जाणकार एकेचाळीस. (एका घराला कुलूप असते. त्यांनी मत मुंबईहून कळवले.)

महादूकडे भाताच्या चिखलणीचा पॉवर टिलर असल्याने त्याला पहिला मान. "तेल दाट पायजे," तो म्हणाला. "बोटाला चिकटला पायजे. पातळ तेलानं इंजिनाला ताकद येत नाय."

कुशाबांचा मुलगा साहिल घाटकोपरहून फोनवर हजर होता. "बाबा, पातळवालं फुल सिंथेटिकच घ्या. इकडे सगळे तेच टाकतात." (सगळे म्हणजे तिघे, असे चौकशीअंती निष्पन्न झाले. पैकी दोघांकडे स्कूटर.)

ओंकारने आयटीआयला वेल्डिंग केले होते. डब्यावरच्या आकड्यांमधला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा, असे त्याने सांगताच सभा गंभीर झाली. ठराव मंजूर झाला: "तालुक्यात हिवाळा पुरेसा पडत नसल्याने बिनडब्ल्यूचे तेल मागवावे." दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली: "घाटात धुके पडते, सबब अर्धा डब्ल्यू असावा." बयाबाईंनी खोबरेल सुचवले. त्याची नोंद 'भिन्नमत' म्हणून घेण्यात आली.

मग त्रिसदस्यीय उपसमिती महाडला गेली, चार दुकानांतली तेले हुंगून आली. अहवाल एका ओळीचा होता: सर्वांचा वास सारखाच; तिसऱ्या दुकानाशेजारची मिसळ उत्तम.

कुशाबांच्या पत्नी आनंदीबाई तिसऱ्या दिवशी चहा देता देता म्हणाल्या, "अहो, गाडीच्या कप्प्यात कंपनीचं पुस्तक हाय. त्यात लिवलेलं असंल की."

सभा खो खो हसली. "कंपनीला उमरठची चढण काय ठावं, गो?" कुशाबा म्हणाले. त्यांना बसायला खुर्ची मिळत होती, लोक अध्यक्ष म्हणत होते. इतके सुख गोदीत कधी लाभले नव्हते.

आठव्या दिवशी मतदान झाले. दाट वीस, पातळ वीस, खोबरेल एक.

घरी दर्शना साडीला इस्त्री करत होती. "बाबा, गाडी येतेय ना?" तिने विचारले. गाडी पांडूच्या दारात कोरडी ठणठणीत उभी होती. कुशाबा फेरमतदान घ्यायला देवळाकडे पळाले.

आनंदीबाईंनी पायात चप्पल सरकवली आणि पोलादपूरची एसटी धरली. गाडीचा कप्पा उघडला, पुस्तकावरचे प्लास्टिक दाताने फाडले, पान काढले, ओळीवर बोट ठेवले. "ह्ये टाक, पांडू."

"ह्येच टाकनार होतो, काकी. ह्या गाडीला ह्येच लागतं."

"मंग आठ दिस बोलला का नाय?"

"मी फकस्त इचारला, कंच्या कंपनीचा डबा फोडू. काका उद्या सांगतो बोलले."

दहा मिनिटांत काम झाले.

साखरपुड्याला गाडी मांजरासारखी गुरगुरत पाचाडला पोचली. दर्शना मागच्या सीटवर खुशीत गुणगुणत होती. व्याह्यांनी बॉनेटवर थाप मारून विचारले, "तेल कुठलं घालता हो?"

"आठ दिस अभ्यास केला," कुशाबा नम्रपणे म्हणाले. आनंदीबाईंनी रायगडाकडे तोंड फिरवून हसून घेतले. परतल्यावर समितीचा अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि टायरमधल्या हवेचा विषय पटलावर आला.

पुस्तकातला तेलाचा ग्रेड येथे मुद्दामच दिलेला नाही. सुज्ञ वाचकांनी तो मधल्या बैठकीतच मनाशी पक्का केला आहे, याची आम्हांला खात्री आहे.

गाडी कुठली, हे मात्र तुम्हीही विचारले नाहीत.