सामाईक कॅलेंडराची मोहीम आणि हातकणंगल्याचा मांडव

श्री वीरभद्र प्रसन्न. शके १९३०, सर्वधारीनाम संवत्सरे, माघ मासी, लग्नसराई ऐन भरात असता, करवीर नगरी शाहूपुरी पेठेत आमच्या दुकानी जे वर्तमान घडिले, ते यथास्थित लिहोन ठेवावे, म्हणजे पुढे घराण्यात येणाऱ्या सुनांस व जन्मणाऱ्या लेकरांस मांडव काय वस्तू आहे आणि दिलेला शब्द काय वस्तू आहे हे कळोन येईल, या हेतूने ही हकीकत सिद्ध केली असे. वाचणाराने मध्येच चहा मागू नये.

मूळपुरुष बसाप्पा. हे मौजे नेसरी सोडोन दोन हंडे आणि एक घंगाळ इतक्या दौलतीनिशी करवीरी आले आणि लग्नकार्यास भांडी भाड्याने देण्याचा उद्योग मांडिला, मग मांडवही घातले, आणि नियम घालोन दिला की, गिऱ्हाइकाने माप सांगितले नसेल तर थोरला मांडव न्यावा. मांडव उरला तर वारा खेळतो, कमी पडला तर अब्रू जाते. तयांचे पुत्र मल्लाप्पा, म्हणजे हे लिहिणारीचे यजमान. यांनी दुसरा नियम केला की, पहिल्या खांबास आंब्याचा डहाळा व नारळ बांधिल्यावाचून मांडव उभारू नये, आणि डहाळा एकदा बांधिला की काही मंगल कार्य जाहल्यावाचून तो मांडव उतरू नये. तयांचे पुत्र प्रभुलिंगअप्पा. यांनी बांबूच्या जागी लोखंडी पाइप आणिले, खुर्च्यांची फौज उभी केली आणि मुलूख पार इचलकरंजीपावेतो वाढविला. तयांचे पुत्र चिरंजीव संगमेश, संगणकविद्येत पारंगत, अंगाने सडपातळ, बोलण्यात मवाळ, हटास पेटले तर आजोबांवर गेलेले. या मोहिमेचे नायक तेच.

त्या काळी दुकानाचा कारभार चौघे पाहत. खासे प्रभुलिंगअप्पा बुकिंग घेत आणि डोक्यात ठेवीत. मांडव उभारणारे सरनोबत केरबा, ते गोदामाच्या भिंतीवर कोळशाने खुणा करीत. टेम्पोचे सारथी आकाराम, कबनूरचे राहणार, ते बायकोस सांगून ठेवीत आणि बायको आठवण करून देई. फडावर, म्हणजे दुकानाच्या कचेरीत, बसणारी पूर्णिमा, तीही कबनूरचीच, ती वहीत लिही. याप्रमाणे एका दुकानास चार पंचांगे जाहली आणि चौघांचे चार वार निघाले. मग कार्तिक मासी ऐसा प्रसंग गुदरला की, दहाव्याच्या विधीस झालरी व फुगे गेले आणि वऱ्हाडाकडे पांढऱ्या सतरंज्या पोहोचल्या. उभय घरच्या मंडळींनी दुकानी येवोन जी भाषा वापरली, ती येथे लिहिण्याजोगी नाही.

त्यातच हातकणंगल्याची वार्ता आली. जोतीरामाची कन्या सुष्मिता हिचे लग्न ठरले. या घराचे आम्हांवर ऋण होते, ते ऐसे. प्रभुलिंगअप्पांचे स्वतःचे लग्न होते, तेव्हा घरचे सर्व मांडव भाड्याने गेलेले आणि घरच्या नवरदेवास सावली उरली नाही. ते समयी जोतीरामाचे वडील पिराजी यांनी आपले चालते गुऱ्हाळ बंद ठेवोन त्याची शेड खाली करून दिली. वऱ्हाड चिपाडांवर बसले आणि गुळाच्या काहिलीत भात शिजला. मग प्रभुलिंगअप्पांनी बाशिंग बांधलेल्या अवस्थेत शब्द दिला की, तुमच्या घरच्या पहिल्या मुलीस आमचा थोरला मांडव येईल. पिराजींस पोरी जाहल्या नाहीत, पोरगेच जाहले. जोतीरामासही आधी पोरगे, सर्वांत शेवटी सुष्मिता. इतकी वर्षे शब्द अप्पांच्या उरावर बसोन राहिला. आता फेडीचा दिवस उगवला. तो हुकला तर पुन्हा येणार नव्हता, कारण पिराजी अंथरुणास खिळत चालले होते.

हे सर्व ध्यानी आणोन संगमेशांनी मसलत केली की, चौघांचे दिवस एका ठिकाणी आणावे. मग दुकानी एक आणि गोदामी एक ऐसे दोन संगणक मांडिले, इंटरनेटाची तार ओढिली, आणि सामाईक कॅलेंडर स्थापन केले. प्रत्येकास एकेक रंगाचे निशाण दिले: अप्पांस भगवे, केरबांस हिरवे, आकारामांस निळे, पूर्णिमेस पिवळे. परवलीचा शब्द कानात सांगितला. तो केरबांनी लगोलग भिंतीवर कोळशाने लिहिला. आणि फर्मान सुटले की, जे कॅलेंडरात तेच प्रमाण. जे कॅलेंडरात नाही ते जगात नाही. आणि कॅलेंडरात दिसेल त्याची तामिली विचारपूस न करता करावी.

प्रभुलिंगअप्पा बहुत खवळले. म्हणाले, "माझा दिवस चारचौघांनी बघायचा? उद्या न्हाणीची वेळ पण लिहू का?"

संगमेश म्हणाले, "लिहा की अप्पा. तेवढ्या वेळात फोन करणार न्हाय."

यावर अप्पांनी आठवडाभर प्रत्येक दिवशी "बाहेर" इतकेच लिहिले आणि आपण तह केला ऐसे जाहीर केले.

पुढे हातकणंगल्याचा दिवस जवळ आला. सायंकाळी पाचास हळद, दुसरे दिवशी लग्न. नेमक्या त्याच हळदीच्या दिवशी सकाळी पूर्णिमेस पाहण्यास नेसरीहून स्थळ येणार होते. तिजला अर्ध्या दिवसाची रजा पाहिजे. जे कॅलेंडरात नाही ते जगात नाही, म्हणोन तिने आज्ञा शिरी धरिली आणि पिवळ्या रंगात लिहिले: "कबनूर, पूर्णिमाचे घर, कार्यक्रम, सकाळी अकरा, पाहुणे येणार."

गोदामी केरबांनी हे वाचिले. मांडवाच्या दुकानात कार्यक्रम आणि पाहुणे या दोन शब्दांचा अर्थ एकच होतो. माप लिहिले नव्हते, म्हणजे बसाप्पांच्या नियमे थोरला मांडव. तोच सायंकाळी हातकणंगल्यास जाणार, परंतु कबनुराहून हातकणंगले टेम्पोने घटकाभराच्या अंतरावर. सकाळचे कार्य उरकोन दुपारी उतरवू, ऐसा हिशेब सरनोबतांनी केला, आणि हिशेबात खोट नव्हती. विचारपूस करण्याची मनाई होतीच. मग पहाटे टेम्पो भरोन स्वारी निघाली. आकारामांनी गल्लीत टेम्पो लाविला आणि तेथेच तयांचा डोळा लागला.

पूर्णिमा न्हाऊन बाहेर येते तो अंगणात, गल्लीत आणि शेजाऱ्याच्या गोठ्यावरून पलीकडे ऐसा अवाढव्य मांडव उभा, झालरी सुटलेल्या, खुर्च्या पार यंत्रमागाच्या कारखान्यापर्यंत लागलेल्या, आणि पहिल्या खांबास डहाळा व नारळ. तिची आई बनाबाई पोह्यांची परात हाती घेऊन दारातच थबकली. म्हणाली, "केरबादादा, माणसं चार येणार हायत."

केरबा म्हणाले, "मग ऐसपैस बसतील की."

मग नेसरीचे स्थळ आले. मुलाचे नाव सम्राट, हुद्दा पतसंस्थेत लिपिक. मुलाचा मामा गल्लीच्या तोंडाशीच उभा राहिला आणि हळूच वदला, "भाच्या, बघायला आलोय न्हवं? हितं तर तांदूळ टाकायचीच तयारी दिसती. चपला पायात असू दे." तरी मंडळी बसली, चार माणसे चारशे खुर्च्यांत, आणि पोहे खाल्ले, प्रश्नोत्तरे जाहली, आणि रीतीप्रमाणे मामा बोलले की, घरी जाऊन कळवतो.

येथे संकट ओढवले. कळवतो हे काही मंगल कार्य नव्हे. डहाळा बांधिलेला, कार्य जाहले नाही, सबब मांडव उतरेना. बाकीचे मांडव दूरच्या गावी गुंतलेले, आणि शब्द थोरल्याचाच दिलेला. प्रभुलिंगअप्पा वर्तमान ऐकोन मोटरसायकलने धावले. संगमेशांनी शाहूपुरीच्या फडावरून फोन करोन आर्जव केले की, अप्पा, सोडा तो डहाळा. केरबांनी पाना खाली ठेविला आणि म्हणाले, "मालक, दुसरं काय बी सांगा. ह्यो असाच सोडला, तर ह्याच खांबाखाली संध्याकाळी हळदीला पोर बसवणार व्हय?" अप्पांनी डहाळ्याकडे गेलेला हात मागे घेतला, कारण ती पोर जोतीरामाची होती.

इतक्यात जोतीरामाचाच फोन आला. "पावणं, मांडव निघाला का न्हाय? आबा सकाळपास्नं खाट दारात टाकून बसल्यात."

अप्पा मांडवाखालीच बसोन म्हणाले, "निघाला की." आणि घाम पुसला.

मग अप्पांनी पूर्णिमेकडे पाहोन शब्द टाकिला, "पोरी, मुलगा बरा दिसतोय. सुपारी फोडून टाकू या. माझा मांडव सुटंल."

पूर्णिमा म्हणाली, "अप्पा, मांडव तुमचा हाय, पण नवरा माझा व्हायचा हाय. खुर्चीसारखा मोजून परत करता येत न्हाई."

मामा तेथेच होते. त्यांनी चपला अधिक घट्ट केल्या. सम्राट मात्र खाली मान घालोन हसला, हे पूर्णिमेने पाहिले आणि पाहिले नाहीसे केले. मग तिने अप्पांच्या हातचा फोन घेतला आणि फडावरील धन्यास, म्हणजे संगमेशांस, हुकूम फर्माविला की, आपला पिवळा सोडा, अप्पांचा भगवा सोडा, त्यात "बाहेर" याखेरीज काही नाही. या आठवड्यात कबनुरात कोणाचे काही शुभ आहे काय, तेवढे एकेक रंगाने पाहा.

ते समयी करवीरात भारनियमनाची वेळ भरली आणि वीज गेली. संगणकाखालची बॅटरी टीं टीं करू लागली. संगमेशांनी घाबरे न होता हिरवे निशाण लपविले, पिवळे लपविले, भगवे लपविले, आणि निळे तेवढे पडद्यावर राहिले. त्यात आकारामांनी लिहिले होते: "परवा नातीचे बारसे, घरीच. टेम्पो मागू नये." इतके वाचिले आणि पडदा काळा जाहला.

फोन तसाच कानास होता. संगमेशांनी ते शब्द उच्चारिले आणि पूर्णिमेने मांडवात ते मोठ्याने सांगितले. सर्वांनी वळोन टेम्पोकडे पाहिले. आकाराम झोपेतून उठोन बसले आणि बोलले, "अवो, परवा हाय ते. घुगऱ्या भिजवल्या न्हाईत. पाळणा बी शेजारणीकडनं आणायचाय."

बनाबाईंनी विचारिले, "पोरीची आत्या आली का?"

"आत्या कालच आलीया."

"मग थांबलंय काय? नाव आत्या ठेवती, घुगऱ्या ठेवत न्हाईत."

मग जे जाहले ते गल्लीने पाहिले. दोन घरे पलीकडून पाळणा आला, मागोमाग बाळंतीण, तिजमागे आत्या, आणि कारखान्यातील मागवाल्या बाया हातचा दोरा सोडोन आल्या, आणि रिकाम्या खुर्च्या भरल्या. घुगऱ्यांच्या जागी नेसरीकरांचे उरलेले पोहे वाटिले. आत्याने बाळाच्या कानात फुंकर घालोन पवित्रा हे नाव ठेविले, भावजयींनी तिच्या पाठीत रीतीचे धपाटे घातले, आणि केरबांनी खांबास हात जोडोन डहाळा सोडिला. मंगल कार्य यथासांग जाहले. नेसरीच्या मामांनीही हातावर साखर घेतली आणि चपला काढिल्या.

मांडव उतरविण्यास माणसे कमी पडो लागली, तेव्हा सम्राटाने अंगरख्याच्या बाह्या सारल्या आणि पाइपाचे दुसरे टोक धरिले. पहिले टोक पूर्णिमेने धरिले होते. उभयतां टेम्पोपर्यंत चालोन गेली. काय बोलली ते कोणास ऐकू आले नाही, आणि तिने ते कॅलेंडरातही लिहिले नाही. स्थळाचा निकाल तिने आपल्याकडे राखोन ठेविला.

संगमेशही मोटरसायकल हाणीत हातकणंगल्यास येवोन मिळाले आणि पितापुत्रांनी स्वहस्ते पाइप जोडिले. आणि फर्मानात दुरुस्ती जाहली की, इतःपर प्रत्येक नोंदीखाली मांडव पाहिजे अथवा नको हे स्पष्ट लिहावे. त्यावर अप्पांनी भगव्या निशाणाखाली प्रथमच "बाहेर" सोडोन दुसरे काही लिहिण्याचे कबूल केले. हा तह आजतागायत चालू आहे.

हळदीची वेळ होता होता थोरला मांडव जोतीरामाच्या दारी उभा राहिला. केरबांनी नवा डहाळा, नवा नारळ बांधिला. सुष्मिता पाटावर बसली. पिराजींनी खाटेवरून हात लांबविला. दोघांनी धरोन त्यांस पहिल्या खांबाशी आणिले. त्यांनी खांबावर तळहात टेकिला, वर झालरीकडे पाहिले, शेवटचे टोक कोठे आहे ते नजरेने शोधीत राहिले, आणि ते काही दिसले नाही. प्रभुलिंगअप्पा पाया पडण्यास वाकले, तयांच्या खांद्यावर तोच हात ठेवोन म्हातारा बोलिला, "आमच्या शेडीपरीस लई मोठा आणलास की, प्रभुलिंगा. फिटलं."

येणेप्रमाणे माघ मासी, गोरज समयी, मौजे हातकणंगले येथे, साक्षीस उभय घरची माणसे व कबनूरचा टेम्पो असता, पिराजींच्या घरचे सावलीचे ऋण थोरल्या मांडवाने पूर्ण फेडिले. बाकी काही राहिली नाही.