ब्लॅगार्ड किताबाची फत्ते

अन्नपूर्णेस स्मरोन आणि करपलेल्या देगेस मुजरा करोन, इंग्लंड देशी, परगणे डेव्हन, मौजे ऑटरकोम येथील मुदपाकखान्यात जे रण माजले, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

सुगीचे गावजेवण होते. मुदपाकखान्याच्या सरलष्कर हेटीबाई ब्राउंड, आणि भांडी घासावयाचे दरोबस्त काम राजश्री अँब्रोझ लस्कम यांजकडे. त्यांचे कुटुंब वारले, घरी बोलावयास भिंती उरल्या, म्हणोन ते हौसेने येत. ते दिवशी पाद्रीणबाईंकरिता झाकोन ठेविलेला आलुबुखाऱ्याचा केक उरलासुरला समजोन लस्कमांनी फस्त केला, आणि मग हेटीबाईंनी भरसभेत ‘ब्लॅगार्ड’ ऐसा पुरातन गोळा डागिला. म्हणजे हरामखोर.

लस्कमांचे तोंड उतरले. मग एप्रन खुंटीस टांगोन त्यांनी फर्माविले, की आपली भांडी आपणच घासावी. आणि बाकावर जाऊन बसले. राहावे तर अब्रू जाते आणि जावे तर घर खावयास उठते, ऐसा पेच पडला. इकडे कस्टर्ड करपलेल्या देगेशी हेटीबाई एकल्या झुंजल्या आणि कोपरापर्यंत काळ्या जाहल्या, परंतु माफीचा शब्द निघेना. बोलले ते बोलले, ऐसा जबाब.

मग पाद्रीणबाई मध्यस्थीस आल्या आणि मोबाइलात शब्दकोश उघडोन वदल्या, “अहो लस्कमकाका, हे लिहायचं ब्लॅक गार्ड, बोलताना मधला क गिळायचा. काळी पलटण. जुन्या सरदारांकडचे भांडीवाले, कोळसेवाले काजळीनं माखलेले असायचे ना, त्यांना थट्टेनं म्हणायचे. बदमाश हा अर्थ मागनं चिकटला.”

लस्कम विचारात पडले. “म्हणजे हेटीबाई, तुम्ही मला हुद्द्यानंच हाक मारलीत.”

“मारली. मग या की कामावर.”

“येतो. पण एकट्याची कसली पलटण? आणि काजळी तर तुम्हालाच जास्त लागलीय.”

सारी सभा खो खो हसली. हेटीबाईंनी आपले हात न्याहाळिले, आणि देग अर्धी त्यांजकडे सरकविली. हाच माफीनामा, ऐसे जाणत्यांनी जाणिले.

मग तह जाहला, की हेटीबाईंनी काळ्या पलटणीत शिपाई म्हणोन भरती व्हावे, सुभेदारी लस्कमांची. आणि ब्लॅगार्ड हा किताब ज्याने उच्चारावा त्याने आधी एक पातेले घासावे. देग सर जाहली, तळ लखलखला, आणि सुभेदार घरी जावयाचे विसरले. फत्ते नमूद असे.