शंभर टक्के खात्री

अनिरुद्धसर हिंगोलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत आणि उरलेला वेळ तरंगत असत. सध्या ते एका रेषेच्या प्रेमात होते. साक्षीदार चोराला कितपत बरोबर ओळखतात, हे मोजायच्या दोन पद्धती. एकीत बरोबर ओळखींना चुकीच्या ओळखींनी भागायचं, की झालं. दुसरीत प्रत्येकाला खात्री विचारायची, ठिपके मांडायचे आणि त्यांतून वक्ररेषा काढायची. माळावरच्या पायवाटेसारखी हळूच वर चढणारी ती रेषा सरांना झोपेतही दिसे.

तिच्यासाठी त्यांनी जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात खोटी चोरी घडवली. एका मित्रानं सरांची पिशवी हिसकावून धूम ठोकली. मग सर फोटो घेऊन दुकानोदुकानी फिरले. निम्म्या लोकांना दाखवायच्या फोटोंत चोर मुद्दामच नव्हता. त्यांत एक फोटो कमी पडला, म्हणून सरांनी हट्टा गावच्या मावसभावाचा, बंडूचा, चिकटवून दिला. बंडूची सोयरीक याच गावात जमतेय, असं मावशी मागे म्हणाली होती. पण तेव्हा सर रेषेवर होते.

कापडाच्या दुकानात मालक विश्वंभररावांची मुलगी सुधा बसली होती.

"मघाशी पाहिलेला माणूस यात आहे का?" सरांनी विचारलं. 'चोर' शब्द उच्चारायचा नाही, हा शास्त्राचा नियम.

सुधानं बंडूवर बोट ठेवलं.

"खात्री किती?"

"शंभर टक्के."

सर हरखून ठिपका मांडणार, तोच मागून विश्वंभरराव कडाडले, "अरे, ह्यो तर उद्या सुपारी फोडायला येऊन राहिला! चोर हाय व्हय ह्यो? मोडली सोयरीक!"

सर खाडकन जमिनीवर आले. कसंबसं जमलेलं बंडूचं लग्न! मावशीला काय तोंड दाखवायचं?

"काका, यात चोरच नाही! कुणावरही बोट ठेवलं तरी चूकच!"

"माही पोरगी खोटं बोलत न्हाई!"

दोघंही सुधाकडे पाहू लागले. बंडूच्या फोटोकडे बघत, ओढणीचं टोक पिळत ती म्हणाली, "चोराकडं माहं ध्यानच नव्हतं, बाबा. हे समोर चहाच्या गाड्यावर उभे होते. सारा येळ मी यांनाच पाहून राहिले होते."

विश्वंभररावांनी कापडाचा एक तागा उगाच उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. "उद्या येळेवर या म्हणावं," ते पुटपुटले.

सरांचा पेन मात्र हवेतच होता.

"सर, माहं चुकलं का?"

"दोन्ही पद्धतींनी, ताई."

"मंग चुकू द्या," सुधा म्हणाली. "पण शंभरचे नव्व्याण्णव करू नका."