टोपीतली उत्तरं

परीक्षेत लोक कॉपी आत नेतात. किसनदादा बाहेर आणायचा.

पेपर संपायला दहा मिनिटं उरली की तो डोक्यावरची पांढरी टोपी काढून मांडीवर घ्यायचा आणि तिच्या आतल्या बाजूला शाईच्या पेनानं आपली उत्तरं उतरवायचा. घंटा झाली की टोपी डोक्यावर आणि किसनदादा शाळेसमोरच्या लिंबाखाली. तिथं आम्ही पोरं जमायचो. कुणी हॉटेलाकडं पाय वळवला की तो हात आडवा घालायचा. "आधी जुळवणी, मग च्या."

ही गोष्ट मी गंगाखेडला मॅट्रिकला बसलो त्या वर्षीची. आमच्या घराण्यात तोवर कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बाप रोजानं कामाला जायचा आणि अंगठा करायचा. पुढं मी बी.ए. झालो. हे मी सांगतो तेव्हा लोकांना ते मिरवणं वाटतं. वाटू द्या.

परीक्षेपुरती आम्ही चौघांनी मिळून बौद्धवाड्यात एक खोली घेतली होती. ज्वारीचं पीठ, स्टोव्ह, वळकट्या, असा संसार. त्या चौघांत तिघं मिसरूड फुटलेले आणि चौथा किसनदादा, पस्तिशीचा, डोक्याला टक्कल, घरी तीन लेकरं. पंचायत समितीत शिपाई होता. मॅट्रिक झाल्याशिवाय कारकून करत नव्हते, म्हणून दरसाल बाहेरून बसायचा. ही आठवी खेप. निजामाच्या राजवटीत पहिलीचं उर्दू शिकलेला असल्यामुळं परीक्षेला इम्तेहान म्हणायचा आणि पेपरला पर्चा. "माझा थोरला पोरगा औंदा सातवीला हाय," तो सांगायचा. "त्यानं गाठायच्या आत मला निघाया पायजे."

भूगोलाच्या पेपरला त्याला सुपरवायझरनं धरलं.

"टोपी इकडं आणा!"

टोपीत सगळी उत्तरं, नंबरासकट. सुपरवायझरचा चेहरा खुलला. मग त्यांनी पेपर उघडून बघितला, तर तीच उत्तरं त्यात आधीच लिहिलेली.

"हे काय?"

"कापीच हाय साहेब. पण आत यायची न्हाई, भायेर जायची."

"अहो, पण टोपीवर कशाला लिहिता?"

"प्रश्नपत्रिकेवर काही लिहू नये, आसं छापलंय. टोपीचं कुठं छापलंय?"

सुपरवायझरनं सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. खरंच छापलेलं नव्हतं. टोपी परत मिळाली.

तसं बघितलं तर भाषेच्या पेपरात जुळवायचं काय? पण किसनदादा तेही जुळवायचा. टोपीत लिहिलेलं असायचं, 'निबंध : गाय.'

"तू कशावर लिवलास?"

"पावसाळ्यावर."

तो क्षणभर विचार करायचा. "गाय पावसाळ्यातबी चरती. जुळलं!"

उन्हाळा तापला होता. पेपर सुटेपर्यंत टोपी घामानं भिजायची आणि निळी उत्तरं त्याच्या टकलावर उलटी उमटायची. रोज संध्याकाळी आम्ही गोदावरीवर अंघोळीला जायचो. तिथं तो टोपीला साबण लावायचा आणि डोक्यालाही. "उद्याच्याला पाटी कोरी पायजे," म्हणायचा.

बीजगणिताच्या दिवशी मात्र मी लिंबाखाली थांबलो नाही. बापलेकाच्या वयाचं एक गणित होतं. मला बाप बेचाळीस आणि मुलगा चौदा आला होता. तिथल्या शाळेत पहिला येणारा, गंगाखेडच्याच एका वकिलाचा मुलगा पायरीवर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "मुलगा दहा वर्षांचा. सोपं होतं." पाच-सहा जणांनी माना हलवल्या. एक चुकलं म्हणजे सगळीच चुकली असणार, असं मनानं घेतलं. आता उरलेले पेपर देऊन तरी काय करायचं? खोलीवर जाऊन वळकटी बांधली आणि एस.टी. स्टँडवर राणीसावरगावच्या गाडीची वाट बघत बसलो. बापाला काय सांगायचं, तेवढं एकच डोक्यात होतं.

किसनदादा धापा टाकत आला.

"कुठं निघालास रे?"

"गावाकडं. माझं गणित गेलं, दादा."

"जुळवल्याबिगर कसं गेलं? पोरगं किती वर्षाचं आलं तुला?"

"चौदा."

त्यानं टोपी काढली. आत डोकावला. बराच वेळ बघत राहिला. मग टोपी पटकन डोक्यावर ठेवली.

"चौदा! माझंबी चौदाच हाय. जुळलं."

"खरं?"

"मग काय खोटं? त्या वकिलाच्या पोरापरीस माझा आठ वर्साचा तजुर्बा हाय. उचल वळकटी."

मी त्याच्यामागं निघालो. त्यानं स्वतःच्या पैशानं चहा पाजला, वर भजी.

संध्याकाळी नदीवर तो माझ्यापुढं खाली वाकला. "साबण लाव रे जरा डोस्क्याला." मी साबण लावायला गेलो आणि थांबलो. टकलावर निळे आकडे उमटले होते. उलटे होते, तरी वाचता येत होते. बाप सव्वीस. मुलगा एकोणचाळीस.

"दादा, हे काय?"

तो तसाच वाकलेला राहिला.

"न्हाई जुळलं रे," पाण्याकडं बघत म्हणाला. "मला बी वाटलं, बापापरीस पोरगं मोठं कसं? पण घंटा झाली."

मला हसावं की रडावं कळेना. "मग खोटं कामून बोललास?"

"तीन वर्सामागं बोरी गावचं एक पोरगं व्हतं आपल्याच खोलीत. तवा मी लय कडक जुळवायचो. त्याला म्हणलं, तुझं एकबी जुळत न्हाई. त्यानं आशीच वळकटी उचलली, गाडीत बसला. ऱ्हायलेले पर्चे दिलेच न्हाईत त्यानं. निकाल लागला तर ते गणितात पास, आन मी नापास." त्यानं ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं. "आता दुसऱ्याच्या शेतात सालदार हाय ते. तवापासून मी कुणाचंबी न जुळलेलं ठेवत न्हाई."

मी साबण लावला. आकडे गेले.

उरलेले सगळे पेपर मी दिले. निकाल लागला, मी पास झालो. त्या गणितात मुलगा चौदाच वर्षांचा होता. वकिलाच्या मुलाचंही चुकलं होतं. किसनदादा गणितात राहिला.

पुढच्या साली मी परभणीला कॉलेजात होतो. बीजगणिताच्या पेपरादिवशी तास बुडवून एस.टी.नं गंगाखेडला आलो आणि लिंबाखाली उभा राहिलो. घंटा झाली. पोरं बाहेर पडली आणि घोळके करून हॉटेलाकडं गेली. त्यांतला कुणीच किसनदादाच्या ओळखीचा नव्हता. सगळ्यांत शेवटी तो आला. लिंबाखाली येऊन इकडंतिकडं बघितलं. एक-दोघांना हात केला, पण कुणी थांबलं नाही. मग मी त्याला दिसलो.

"तू? तुझा काय पर्चा हाय का आज?"

"जुळवायला आलो."

त्यानं टोपी काढली. कपाळावरून निळा घाम ओघळत होता. पहिली ओळ बोटानं धरून वाचली. "पैल्याचं, साडेसात."

"जुळलं," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मी पेपर बघितलेलाही नव्हता, हे त्याला माहीत होतं. बोट सावकाश एक ओळ खाली सरकलं.

"दुसऱ्याचं, बावीस."

"जुळलं, दादा. पुढचं सांग."