व्याधाची दृष्ट किती लांबून लागते याची हकीकत

श्री तेजोनिधीस दंडवत, ज्याचा उजेड पुढे धावतो आणि आमची अक्कल मागाहून येते, त्याच्या कृपेने हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरी, फाल्गुन शुद्ध पंचमीस राजवाड्यात धाकट्या बाईसाहेबांचे बारसे मांडिले, पाळणा चौकात टांगिला, घुगऱ्या शिजल्या, आत्याबाईसाहेब नाव मनात धरून ओठ घट्ट मिटून बसल्या आणि मग तिन्हीसांज जाहली आणि दक्षिणेस व्याधाचा तारा उजळला. राणी गोजराबाईसाहेब बाळंत झाल्यापासून लेकराच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहात, डोळ्यास डोळा नव्हता. त्यांनी पाहिले की तारा लुकलुकतो तो नेमका पाळण्यावर, आणि तेवढ्यात लेकराने जांभई दिली. मग बाईसाहेब ओरडल्या, "अगबाई, लागली दृष्ट! नावाचाच व्याध मेला, माझ्या लेकीकडे बघून डोळे मिचकावतो! पाळणा आत घ्या. हा किती लांब आहे ते कळल्यावाचून नाव ठेवणे नाही."

मग दरबारचे ज्योतिषी त्रिविक्रमशास्त्री यांस पाचारण जाहले. ते तोंडातल्या घुगऱ्या गिळून बोलिले, "बाईसाहेब, साडेआठ प्रकाशवर्षे." त्यावर दिवाण हैबतराव तडकले, "शास्त्रीबोवा, अंतर पुसले, वय नव्हे!" शास्त्री बोलिले, "अंतरच सांगतो. उजेड वर्षभर धावून जेथे पोहोचेल, तेवढी वाट म्हणजे एक प्रकाशवर्ष. आणि तो धावतो ऐसा की आपण 'अरे' म्हणावे तों पृथ्वीस सात वेढे." "कोसांत सांगा." "कोसांत सांगू लागलो तर शून्ये म्हणता म्हणता घुगऱ्या आंबतील." मग दिवाणांनी मिशीस पीळ भरून पुसले, "या वर्षात अधिक महिना धरिला की नाही?" तों दरबार दुभंगला. जावईमंडळी म्हणो लागली, "अधिक धरलाच पाहिजे, नाहीतर आमचे अनारसे बुडाले!" सासरेमंडळी म्हणो लागली, "त्या साली जावई जवळ येतो तेवढे पुरे, तारा कशास लांब ढकलता?" आणि पागोट्यास पागोटे भिडले, आणि शास्त्रीबोवा कपाळास हात लावून गरजले, "अहो दिवाणजी, हातभर कापड घेता तेव्हा दुकानदाराचा हात तोडून आणिता काय? तैसे हे वर्ष, मापापुरते!"

बाईसाहेब बोलिल्या, "माप राहू द्या. दृष्ट लागते की नाही, ते बोला." शास्त्री बोलिले, "आत्ता दिसतो तो उजेड धाकट्या बाईसाहेबांच्या जन्माआधीच निघाला. त्यास हा पाळणा ठाऊकही नाही." मग बाईसाहेब बोटे मोजो लागल्या आणि सगळ्या चौकाने श्वास धरिला. "म्हणजे हिचे रूप आज इथून निघणार, साडेआठ वर्षांनी त्या मेल्यास दिसणार, मग त्याची दृष्ट निघणार, तीही साडेआठ वर्षे वाटेतच?"

"जी."

"सतरा वर्षे!" ऐसे म्हणोन बाईसाहेब हसल्या त्या हसतच सुटल्या, डोळ्यांस पाणी आले, दाई हसली, शिंगवाल्याने उगाच शिंग फुंकिले, दिवाणांचे पागोटे घुगऱ्यांत पडिले, आणि पाळणा फिरोन चौकात आला. आत्याबाईंनी कानात कुर्रर्र केले आणि बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले आणि बाईसाहेब ताऱ्याकडे पाहोन बोलिल्या, "बघ रे बाबा, आता पोटभर बघ!"

मग हुकूम जाहला की, "सतरा वर्षांनी याच तिथीस लेक सासरी असो की परमुलखी, मी मीठमोहऱ्या मुठीत घेऊन तिच्या दारात हजर." दिवाण हळूच बोलिले, "सतरा वर्षे अधिक महिने धरून, की न धरिता?" बाईसाहेब बोलिल्या, "दोन्ही दिवशी काढीन."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. नाव काय ठेविले ते गलबल्यात लिहिणारास ऐकू आले नाही. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर असे, धाकट्या बाईसाहेब हातभर अंतरावर असत, आणि तो हात मापाचा नव्हे, आईचा असे.