हितसंबंध नसलेला माणूस

ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या मिनिंडूक गावात लायल ट्रेलोर आणि त्याच्या कुंपणापलीकडची डॉट हेनेसी यांच्यात मार्च महिन्यात पैज लागली. प्रौढ शिक्षणाची विभागीय सल्लागार समिती सहा वर्षांत कशालाच ‘हो’ म्हणालेली नाही, यंदाही म्हणणार नाही, असं डॉटचं म्हणणं. लायल गव्हाच्या कोठारातल्या वजनकाट्यावरून नुकताच रिटायर झालेला. हाताला काम नाही, तोंडाला भरपूर. तो म्हणाला, मी स्वयंसेवक म्हणून आत जातो आणि ‘हो’ घेऊन येतो. हरेल त्याने फुटबॉल सीझनमधल्या, गावच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला, मध्यंतरात, जिंकलेल्याला बागेतल्या एकचाकी ढकलगाडीत बसवून अख्ख्या मैदानाला फेरी मारायची. डॉटने हे लगेच फुटबॉल क्लबच्या फळ्यावर खडूने लिहून टाकलं, म्हणजे कोणाला पलटी मारायला नको.

पैज येडपटच, पण तिच्यामागे क्लेम गर्नी होता. समोरच्या घरातला. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली, कंबर कामातून गेली, आणि बासष्टाव्या वर्षापर्यंत सहीपलीकडे अक्षर नाही. आता दर मंगळवारी सकाळी तो कम्युनिटी सेंटरच्या वर्गात वाचायला शिकत होता, कारण ऑगस्टमध्ये शाळेच्या बसवर ड्रायव्हर घेणार होते आणि त्याला लेखी पेपर होता. अशात नवा नियम आला. आठपेक्षा कमी माणसांचा वर्ग समितीच्या मंजुरीशिवाय जूनअखेर बंद. क्लेमच्या वर्गात पाच माणसं.

लायलने एकोणीस पानांचा अर्ज भरला. त्यात लहान मुलांसोबत काम करण्याचा दाखलाही मागितला होता. प्रौढ शिक्षणाच्या समितीला तो कशाला, असं त्याने विचारलं. सभेला बसलात की कळेल, असं कार्यकारी अधिकारी ब्रॉन्विनने शांतपणे सांगितलं.

जूनच्या सभेत मंगळवारचा वर्ग नवव्या क्रमांकाचा विषय होता. पहिल्या आठ विषयांत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचणं, ते दुरुस्त करणं आणि दुरुस्ती पुढच्या सभेवर ढकलणं एवढं कामकाज उरकलं. मग ब्रॉन्विनने नियमाप्रमाणे विचारलं, या विषयात कोणाचा हितसंबंध आहे का. असेल त्याने बाहेर जायचं.

अध्यक्षबाईंची बहीण त्या वर्गाला शिकवायची. त्या उठल्या. बेकरीवाल्याचे लॅमिंग्टन केक वर्गाच्या चहाबरोबर खपायचे. तोही उठला. एका शेतकऱ्याच्या दिवंगत सासूने वर्गाला खुर्च्या दिल्या होत्या. सासू गेली म्हणजे संबंध संपला का, यावर दहा मिनिटं चर्चा होऊन शेवटी त्यालाही बाहेर काढण्यात आलं. लायब्ररीवाली बाई क्लेमबरोबर हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवायला जायची, म्हणून तीही उठली. पाचवे गृहस्थ त्याच सेंटरमध्ये ईमेल पाठवायला शिकले होते. उपकृत माणूस निःपक्ष राहत नाही, असं त्यांनी स्वतःच नोंदवायला लावलं आणि ते गेले.

कॉरिडॉरमध्ये चहा होता. तिथे पाच विरुद्ध शून्य मतांनी वर्ग चालू ठेवावा असं ठरलं. पण कॉरिडॉरला ठराव करण्याचा अधिकार नव्हता.

आत उरला एकटा लायल. बाहेर गेलेले कोरममध्ये धरत नसल्यामुळे एकटा माणूसही पुरेसा आहे, असं ब्रॉन्विन नियमाचं पान दाखवत म्हणाली. लायलने हात वर केला.

“थांबा,” ती म्हणाली. “तुम्ही पैज लावलीय. क्लबच्या फळ्यावर वाचली मी.”

“ती ढकलगाडीची आहे हो.”

“मंजूर झालं तर तुमचं ढकलणं वाचतं. हा लाभच झाला.”

लायलने विचारलं, मग आता काय? मग कोणीच नाही, ब्रॉन्विन म्हणाली, विषय पुढच्या सभेत. पुढची सभा ऑक्टोबरमध्ये. क्लेमचा पेपर ऑगस्टमध्ये.

लायलने वर केलेला हात खाली घेतला. मग विचारलं की पैजच उरली नाही तर? ब्रॉन्विनने पानं चाळली. पैज निकालात निघाल्याचं समोरच्या पक्षाने सांगितलं तर हितसंबंध संपतो. लायलने डॉटला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“डॉट, मी हरलो.”

“सभा संपली?”

“नाही. त्याआधीच हरलो.”

“तुझ्याकडून तीच अपेक्षा होती,” डॉट म्हणाली. “गाडीत उशी घाल.”

ब्रॉन्विनने वेळ लिहून घेतली. अकरा वाजून बावीस मिनिटांनी लायलचा हितसंबंध संपला. अकरा तेवीसला त्याने हात वर केला आणि समितीने सहा वर्षांतला पहिला ‘हो’ एकमताने मंजूर केला.

घरी आल्यावर लायलने वाद घालून पाहिला की शेवटी ‘हो’ तर आणला ना मी. डॉट म्हणाली, तू हरलास तेव्हा आणला नव्हतास. लायल ढकलगाडीच्या चाकात हवा भरायला गेला.

ऑगस्टमध्ये क्लेम पेपर पास झाला. त्यानंतरच्या शनिवारी, मध्यंतराला, लायल गुडघ्याला पट्टा बांधून ढकलगाडी घेऊन निघाला. गाडीत उशीवर डॉट, राणीसारखा हात हलवत. मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांनी हॉर्नवर हॉर्न दिले. माणसं टपावर चढून ओरडत होती की लायल, तुझ्यासारखा माणूस गावाला हवा. लायलला तेवढंच पाहिजे होतं. समितीवर पाच जागा रिकाम्या होत्या, कारण हितसंबंध असूनही कॉरिडॉरमध्ये मत दिलं म्हणून त्या पाचही जणांनी प्रामाणिकपणे राजीनामे दिले होते. डॉटच्या मांडीवर समितीत यायचे दोनशे कोरे अर्ज होते, आणि ती ते दोन्ही हातांनी वाटायला लागली.

हॉर्न थांबले. एकेक काच वर जाऊ लागली.

क्लेमने मात्र अर्ज घेतला. चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि एकोणीसच्या एकोणीस पानं, मध्यंतर संपून मॅचचा तिसरा क्वार्टर सुरू झाला तरी मान वर न करता वाचून काढली. मग नीट घडी घालून डॉटच्या हातात परत दिला.

“नको,” तो म्हणाला.

“अरे, तुझ्यासाठी एवढं केलं मी,” लायल धापा टाकत म्हणाला.

“म्हणून तर, लायल. आधी दिला असतास तर न वाचता सही केली असती.”

अर्ज दोनशेच्या दोनशे परत आले. डॉटच्या पडवीत पडलेत. तुम्हाला तर वाचता येतंच, इथवर वाचलंतही. बोला, किती पाठवू?